पोपटपंचीची बाजू

'आमच्याकडे अमेझॉन आलाय' असं बंगळूरच्या कोरमंगलात कुणाला सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, 'काय मागवलंत?' विचारणाऱ्याची चूक नाही. 2007 साली ज्या वस्तीत फ्लिपकार्ट सुरू झालं, तिथे दिवसभर दाराची बेल वाजते ती बहुधा पार्सलसाठीच. आमचा अमेझॉन पिसांचा आहे. अंगाने हिरवा, चोचीच्या वर निळा पट्टा, डोळ्यांभोवती हळद सांडल्यासारखा पिवळा. पोपटाच्या ह्या जातीचं मूळ घर ब्राझील, बोलिव्हिया, पराग्वे, उत्तर अर्जेंटिना. आमचा पक्षी भारतातच, पिंजऱ्यातल्या आईबापांच्या पोटी जन्मला. घरी आला तेव्हा पाच महिन्यांचा होता आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर 390 ग्रॅम भरला.

बारशालाच वाद झाला. लेकीला 'मँगो' हवं होतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'पोपटाचं नाव विठूच असतं, ठेवायचं काय त्यात?' ह्या जातीत नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून पिसावरून डीएनए चाचणी करून घेतली. निघाली मादी. आता नाव बदलणार म्हणून लेक खूश झाली. पण वारकऱ्यांच्या घरातली एकोणऐंशी वर्षांची बाई एवढ्यावर अडते थोडीच! 'विठ्ठलाला माउलीच म्हणतात,' एवढं बोलून तिने विषय संपवला.

आईच्या माहेरी, बेळगावात शहापूरला, पन्नासच्या दशकात ओसरीवर एक राघू होता. आपला साधा, गळ्याला पट्टी असलेला. त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि पेरूची फोड मिळे. गंमत अशी, की मिरची आणि पेरू दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. पेरूच्या तर नावातच तो देश आहे, असं म्हणतात. म्हणजे विठूच्या मुलखातला खाऊ आमच्याकडे कधीचाच पोचला होता, खाणारी आत्ता आली. आणि पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही. विठू डाव्या पायात मिरची धरून ती उभी चिरते, एकेक बी जिभेने उचलते, डोळ्यांतली बाहुली मजेत लहानमोठी करते. समोर बसलेल्या माणसाला मात्र ठसका लागतो.

तो शहापूरचा राघू आज घरात असता, तर आम्ही गुन्हेगार ठरलो असतो. देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. परदेशी पोपट चालतो, पण 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. तो दुसऱ्याकडे गेला तरी कळवायचं, मेला तरी कळवायचं. आम्ही तीन विक्रेत्यांकडे गेलो. दोघांना कागदांचं नाव काढलेलं आवडलं नाही. त्यातल्या एकाने डोळे नुकते उघडलेलं पिल्लू पुढे केलं आणि म्हणाला, 'हाताने भरवा, मग बघा कसा जीव लावतो.' ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती पिल्लांच्या जिवावर उठते. भरवायचं खाणं थोडं जास्त गरम झालं तरी गळ्यातली पिशवी आतून भाजते. स्वतःचं स्वतः खायला लागलेलं पिल्लूही माणसाला तितकाच जीव लावतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला खिडकीबाहेर देशी पोपटांचा थवा ओरडत जातो. विठू मान वाकडी करून ऐकते. अशा वेळी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला नळीचा दृष्टान्त आठवल्याशिवाय राहत नाही. नळीवर बसलेल्या पोपटाच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लोंबकळतो आणि आपल्याला कुणी बांधलं असं समजून नळी आणखी घट्ट धरतो. सोडली तर तो उडू शकतो. विठूला हे लागू पडत नाही. तिने काही धरलेलं नाही. बाहेर सुटली तर घारी-कावळ्यांच्या ह्या शहरात ती फार दिवस टिकणार नाही. नळी धरून बसलोय ते आम्ही. लेकीचा तीन वर्षांचा हट्ट हे तिला आणण्याचं कारण झालं, समर्थन नव्हे. समर्थन मला अजून सापडलेलं नाही.

घर मात्र तिने बदललं. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्यातून जो वायू सुटतो, तो आपल्या नाकाला कळतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत दगावतो. तेव्हा डोशाचा काळा गुळगुळीत तवा गेला आणि आईचा बिडाचा तवा माळ्यावरून खाली आला. तिच्या चेहऱ्यावर युद्ध जिंकल्याचा भाव होता. त्याची किंमत म्हणून उदबत्ती गॅलरीत गेली. आव्हाकाडो पक्ष्यांना विष, म्हणून लेकीचा रविवारचा टोस्टही बाहेर. विठूला अकरा-बारा तास अंधार लागतो, म्हणून साडेसातला त्या खोलीतला टीव्ही बंद. आईच्या मालिका आता मोबाइलवर, कानात बोंडं घालून चालतात.

मग सगळे वाट पाहू लागले ती बोलण्याची. आईने शिकवणी लावली. रोज सकाळी पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून, 'विठू, राम राम म्हण. राम राम.' दोन महिने गेले. विठू खुर्चीचं निरीक्षण करी. पहिला आवाज निघाला तो कुकरच्या शिट्टीचा, आणि मी गॅस बंद करायला धावलो. मग एका दुपारी बेल वाजली आणि पिंजऱ्यातून स्वच्छ आवाज आला, 'बंदे!'

बंदे म्हणजे कन्नडमध्ये 'आले'. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का बेल वाजली की हात पुसत 'बंदे, बंदे' करत दाराकडे जातात. आवाज हुबेहूब त्यांचा. अक्कांना हसू आवरेना. आई दुखावली. 'दोन महिने मी घसा कोरडा केला आणि ही कन्नड बोलली!'

मला वाटतं, ह्यात आपल्या एका शब्दाचा निकाल लागतो. अर्थ न कळता घोकण्याला आपण पोपटपंची म्हणतो. आईची शिकवणी ही खरी पोपटपंची होती आणि विठूने ती सपशेल नाकारली. बेल वाजते, घर खडबडून उठतं, कुणीतरी धावतं, दार उघडतं, बाहेरचं माणूस आत येतं. त्या सगळ्या धांदलीतला शब्द तिने उचलला. आयरीन पेपरबर्ग ह्या अमेरिकन बाईंनी 1977 साली अॅलेक्स नावाचा करडा पोपट आणला आणि तो 2007 मध्ये मरेपर्यंत त्याच्यासोबत काम केलं. त्यांची पद्धत अशी, की दोन माणसांनी पोपटासमोर एकमेकांशी बोलायचं, वस्तू मागायची, द्यायची. पोपटाला त्या बोलण्यात घुसायचं असतं, म्हणून तो शिकतो.

रानातही तेच चालतं. हिरव्या झाडात हिरवा पक्षी दिसत नाही, म्हणून पोपट सतत हाका मारतात आणि हाकेला ओ देतात. कोस्टा रिकात पिवळ्या मानेच्या अमेझॉन पोपटांचा अभ्यास झाला, तो 1996 मध्ये छापून आला. तिथे भागाभागाप्रमाणे ह्या हाकेच्या वेगळ्या बोली सापडल्या, आणि दोन बोलींच्या शिवेवरचे काही पक्षी दोन्ही हाका मारताना आढळले. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, 'हे तर बेळगावकर!'

मी स्वतः मात्र तसला बेळगावकर नव्हतो. 1996 साली बंगळूरला आलो तेव्हा कन्नड धड येत नव्हतं. बेळगावचा असून येत नव्हतं, हे सांगायला आजही लाज वाटते. 'स्वल्प', 'एष्टु', 'गोत्तिल्ला' ही माझी पहिली पुंजी. व्याकरण शून्य. ऐकलं तसं, त्याच हेलात, त्याच जागी टाकून द्यायचं. ती निव्वळ पोपटपंची होती आणि तिच्यावर रिक्षावाल्याने मीटर टाकला, भाजीवालीने कोथिंबिरीची काडी वर घातली. थव्यात असंच घेतात.

उलट बाजूही आहे. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट 1800 साली ओरिनोको नदीवर फिरत असताना मायपुरेस गावात त्याला एक म्हातारा पोपट दाखवला गेला. त्याचं बोलणं गावात कुणाला कळत नव्हतं. लोक म्हणाले, तो आतुरेस जमातीची भाषा बोलतो. ती जमात नामशेष झाली होती. ह्या गोष्टीला पुढे बरंच तिखटमीठ लागलं, पण एवढं हम्बोल्टने स्वतः लिहून ठेवलंय. हाक मारतोय आणि ओ द्यायला कुणीच उरलेलं नाही, असा तो पोपट माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण हिशेब सरळ आहे. नीट सांभाळलेला अमेझॉन पन्नास वर्षंही जगतो. मी पंचावन्नचा. लेक सोळाची, माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते आणि दोन वर्षांत शिकायला बाहेर जाईल. अलीकडे विठू आईचं बेळगावी 'होय की!' म्हणायला लागली आहे, अगदी आईच्या त्या खेचलेल्या सुरात. हे दोन शब्द आईनंतर, माझ्यानंतर, कुणाच्या घरात वाजतील?

म्हणून गेल्या महिन्यात मृत्युपत्र केलं. कायद्याच्या लेखी पक्षी मालमत्ता, तेव्हा कुणाच्या तरी नावे करावा लागतो. बेळगावच्या चोवीस वर्षांच्या पुतणीने हो म्हटलं, तेही दोन आठवडे आमच्याकडे राहून, एकदा बोटाला कडकडून चावून घेऊन. असं हो म्हणणारं तरुण माणूस तुमच्या घरात नसेल, तर हा पक्षी आणू नका. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. सोबत मी एक कागद जोडलाय. त्यात खाण्याची यादी आहे, झोपेची वेळ आहे, नोंदणीचा क्रमांक आहे, आणि खाली एक सूचना: बेल वाजली की विठू 'बंदे' म्हणते. दार तुलाच उघडावं लागेल.