रुबिस्को घडताना

पालकाची पाने थंड खलात वाटून त्यांचा रस जेलवर चालवला आणि जेल निळ्या रंगात बुडवून धुतली, की नजर आधी एका जाड पट्टीवर जाते. ती रुबिस्कोच्या मोठ्या घटकाची. बरीच खाली लहान घटकाची दुसरी पट्टी, आणि बाकीची असंख्य प्रथिने नुसत्या पुसट रेघा. जैवरसायन शिकवताना ही जेल मी वर्षानुवर्षे मुलांना दाखवली. पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा या एकट्या विकराचा असू शकतो, हे ऐकून मुले जेलवर वाकून पाहतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड साखरेच्या वाटेला लावणारे हे विकर एवढे लागते, कारण ते फार संथ आहे. सेकंदाला जेमतेम तीनएक रेणू, आणि त्यातही अधूनमधून चुकून ऑक्सिजन पकडते.

आता मात्र त्या पट्टीपेक्षा तिच्यात नसलेल्या प्रथिनांबद्दल बोलावेसे मला जास्त वाटते.

रुबिस्कोत आठ मोठे आणि आठ लहान घटक असतात. मोठ्याचे जनुक हरितलवकात, लहानाचे केंद्रकात. लहान घटक बाहेर पेशीद्रवात तयार होतो आणि हरितलवकाचे दुहेरी आवरण ओलांडून आत येतो. मोठ्या घटकाला तोवर तग धरायचा असतो, आणि तेच अवघड. घडी पडण्याआधी त्याचे पाणी टाळणारे भाग उघडे असतात. हरितलवकातल्या गर्दीत तो शेजाऱ्याला चिकटला, की निकामी गठ्ठा झालाच.

प्रथिनाची घडी त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच ठरलेली असते, हे अँफिन्सन यांनी दाखवले. १९७२चे नोबेल त्याच कामाचे. ते खरेच आहे. पण १९८०मध्ये वॉरिक विद्यापीठात बॅराक्लफ आणि जॉन एलिस यांना वाटाण्याच्या हरितलवकांत वेगळेच दिसले. नवे मोठे घटक थेट रुबिस्कोत न जाता आधी दुसऱ्याच एका प्रथिनाला बांधलेले होते. अशुद्धी म्हणून सोडून देण्याचा मोह कुणालाही झाला असता. एलिस यांनी ते धरून ठेवले, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. १९८८मध्ये कळले, की हे प्रथिन जिवाणूंतल्या ग्रोईएल या प्रथिनाचे नातलग आहे. दोन्ही पोकळ कक्षांसारखी. आत एकच साखळी जाते, वर झाकण बसते आणि कुणाला न चिकटता तिची घडी पडते.

पुढे रॅफ-१, रॅफ-२ आणि आरबीसीएक्स ही प्रथिने मोठ्या घटकांच्या जोड्या जुळवायला मदत करतात. चार जोड्यांचा गाभा झाला, की बीएसडी-२ त्याला लहान घटक येईपर्यंत सावरून धरते आणि ते आले की बाजूला होते. स्लॅबखालच्या सेंटरिंगसारखे. उपमा एका जागी अपुरी पडते: सेंटरिंग स्लॅबला आकार देते, ही प्रथिने आकार देत नाहीत. आकार साखळीतच असतो; ती फक्त चुकीची गाठ पडू देत नाहीत. ज्या मक्यात बीएसडी-२चे जनुक बिघडलेले असते, त्यात रुबिस्को साठत नाही.

वनस्पतींचे रुबिस्को जिवाणूत तयार करायचे प्रयत्न कित्येक वर्षे फसत राहिले. २०१७मध्ये म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत मनाजित हायर-हार्टल आणि उलरिच हार्टल यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीची ही सारी सहायक प्रथिने ई. कोलाय जिवाणूत एकत्र घातली, तेव्हा ते जमले. आता रुबिस्कोत एखादा बदल करून पाहायला प्रत्येक वेळी अख्खे झाड वाढवायला नको.

त्याआधी दोन वर्षे कॅनबेरात स्पेन्सर व्हिटनी यांच्या गटाने तंबाखूच्या हरितलवकात अरॅबिडॉप्सिसचा मोठा घटक बसवला होता. तंबाखूचे स्वतःचे रॅफ-१ असूनही विकर कमीच बनत होते. अरॅबिडॉप्सिसचेच रॅफ-१ सोबत दिल्यावर ते दुपटीने वाढले आणि रोपेही जोमाने वाढू लागली. भातात किंवा गव्हात उद्या अधिक चपळ रुबिस्को आणायचे, तर त्याच्या जोडीची सहायक प्रथिनेही बहुधा आणावी लागतील.