बालेकिल्ल्यातली रिकामी रांग

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. गणपतीचं दर्शन झालं की नव्या कपड्यांतली पोरंपोरी तिथेच घोळक्याघोळक्यानं रेंगाळतात. एरवी लोकलच्या दारात लटकणारं शहर त्या दिवशी स्वतःला बघायला बाहेर पडतं. मतदानाच्या दिवशी मात्र याच शहरातली माणसं केंद्रावरून परतताना समाधानानं सांगतात, ‘रांगच नव्हती, पाच मिनिटांत आटपलं!’ रांग नसणं ही सोय वाटावी, इथेच उपनगरी राजकारणाची मेख आहे.

डोंबिवलीला संघ-भाजपचा बालेकिल्ला म्हणायची जुनी सवय आहे, आणि तिला आधारही आहे. गिरगाव-दादरच्या चाळींतून इथल्या ओनरशिप फ्लॅटांत आलेल्या बँक, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरदारांनी सामानाबरोबर वाचनालयं, नाटकाची आवड, संघाची शाखा असं बरंच काही आणलं. डोंबिवली ज्यात मोडायची त्या तेव्हाच्या ठाणे लोकसभा मतदारसंघातून याच विचाराचे नेते निवडून आले: १९७७ आणि १९८० मध्ये रामभाऊ म्हाळगी, तर १९८९ आणि १९९१ मध्ये प्रा. राम कापसे. मधल्या १९८४ च्या लाटेत जागा काँग्रेसकडे गेली आणि १९९६ पासून ती शिवसेनेची झाली. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर डोंबिवली हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला. तिथे २००९, २०१४, २०१९, २०२४ अशा चारही वेळा भाजपचे रवींद्र चव्हाणच जिंकले.

विजेत्यावरून नजर काढून जरा दुसऱ्या क्रमांकाकडे पाहा. २००९ मध्ये मनसे, २०१४ मध्ये शिवसेना, २०१९ मध्ये पुन्हा मनसे, २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांची शिवसेना. काँग्रेस किंवा राष्ट्रवादी एकदाही लढतीत नाही. म्हणजे इथलं भांडण भाऊबंदकीचं आहे. मराठीपण आणि हिंदुत्व ही घराची चौकट ठरलेली. वाद असतो तो आतल्या खोल्यांचा.

त्या खोल्या मतदार भराभर बदलतो. २०१० च्या कल्याण-डोंबिवली महापालिका निवडणुकीत १०७ जागांपैकी शिवसेनेला ३१ आणि मनसेला २७ मिळाल्या. वर्षभरापूर्वी डोंबिवलीत आमदार निवडून आणणाऱ्या भाजपला अवघ्या ९. पाच वर्षांनी भाजप ४२ वर गेला आणि मनसे ९ वर आली. या आकड्यांत कल्याणही आहे हे खरं, तरीही ‘इथली मतं ठरलेली’ या समजाला त्यांनी तडा जातोच.

आता टक्क्यांकडे येऊ. २०१९ च्या विधानसभेला डोंबिवलीत जेमतेम ४० टक्के मतदान झालं. मतदार सुमारे साडेतीन लाख, विजयी उमेदवाराची मतं सुमारे ८६ हजार. चारांतल्या एकाच्या पसंतीवर बालेकिल्ला अभेद्य राहिला. त्या साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही मतदानं सोमवारी होती. शनिवार-रविवारला जोडून गाव गाठणाऱ्यांना ते सोयीचंच पडलं. २०२४ ची विधानसभा बुधवारी झाली आणि टक्का चांगलाच वाढला. पण सगळं खापर सुट्टीवर फोडता येत नाही.

खरं कारण वेळापत्रकात आहे. डोंबिवलीकर सकाळी लोकल पकडतो आणि अंधार पडल्यावर परततो. दिवसातले दोन-तीन तास तो रेल्वेचा, आठ-नऊ तास मुंबईतल्या कचेरीचा. त्याचा रोजचा संताप सिग्नल बिघडल्यावर, गाडी उशिरा आल्यावर उफाळतो आणि त्यातलं काहीच नगरसेवकाच्या हातात नसतं. गावाचा वाटा झोपेपुरता. मग मत मागण्यांसाठी वापरण्याऐवजी ओळख सांगण्यासाठी वापरलं जातं: आम्ही कोण, आमचा देव कोणता, आमची भाषा कोणती. तुंबलेल्या नाल्याला ओळख नसते, म्हणून तो प्रचारात मागे पडतो.

दिवसभर गावातच असणाऱ्यांचं मतदान निराळं का, तेही यावरून कळतं. आजूबाजूची २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. जमीन, कर, पाणी हे तिथल्या आगरी भूमिपुत्रांचे घरचे प्रश्न. म्हणून त्यांनी संघर्ष समिती उभारली आणि पक्षांना दारात यायला लावलं. ओळखीवर मत ठरतं याचा पडताळा शेजारीच आहे. डोंबिवलीहून मुंबईकडे निघालं की दिव्यानंतर मुंब्रा लागतं. त्याच लोहमार्गावरचा, त्याच गर्दीतला प्रवासी. पण २००९ पासून मुंब्रा-कळव्यातून राष्ट्रवादीचे जितेंद्र आव्हाड निवडून येतात. फलाटावरचे हाल सारखे, मतं वेगळी. कारण दोन्हीकडे मत ठरवणारी गोष्ट फलाटावरची नाही.

या सगळ्याची किंमत कोण मोजतं? महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. ‘आमचा प्रतिनिधी आम्हाला द्या’ असा फलक घेऊन कुणी फडके रोडवर उभं राहिल्याचं मला आठवत नाही. हक्काच्या मतांची मनधरणी कोणताच पक्ष करत नाही, आणि घरी बसणाऱ्यांची तर त्याहून नाही.

मत कुणाला द्यावं हे सांगायचा मला अधिकार नाही. निष्ठा ठेवावी, बदलावी, ती ज्याची त्यानं. पण फराळ झाल्यावर मोबाइल हातात असेलच, तर तेवढ्यात मतदार यादीत आपलं नाव कुठल्या गावात आहे ते एकदा पाहा. गिरगावात किंवा कोकणात निघालं, तर ते राहत्या शहरात आणा. आणि पुढच्या मतदानाला रांगेत उभं राहावं लागलं, तर कुरकुर करू नका.