पाऊस देवाचा, पाळ आपली



पावसाळ्यात आपण सालेकसा तालुक्यातील हाजराफॉल पाहायला रानवाटेने चालत जातो. कोसळणारे पाणी पाहून ओठांवर देवाची स्तुती येते. उन्हाळ्यात मात्र तीच धार बारीक होते.

आपल्याच जिल्ह्यातील नवेगावबांध तलावाच्या काठाने चालताना असा गाजावाजा ऐकू येत नाही. १८व्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. पाऊस देवाने दिला, पाळ माणसांनी घातली. म्हणून धानाच्या बांध्यांना पाणी मिळाले.

नाताळ, ईस्टर, यात्रा हे आपले धबधबे. ते हवेतच. पण आजारपणात, कर्जाच्या काळजीत लागणारे पाणी साठवावे लागते. देवाची कृपा विनामूल्य आहे. रविवारची मिस्सा आणि घरातील सायंप्रार्थना ही तिची पाळ.

तलावात गाळही साचतो. भावाभावांतील जुना अबोला हा असाच गाळ. पापनिवेदनाने आणि समेटाने तो उपसावा लागतो. गालील सरोवराच्या काठी प्रभूने याकोब व योहान यांना हाक मारली, तेव्हा ते जाळी नीट करीत होते (मत्तय ४:२१).

या आठवड्यात आपणही एक तुटलेले नाते सांधू या.