गोंधळाच्या बाजूने

पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात सकाळी पंखे लागायच्या आधी उदबत्ती पेटवली, की धूर वीतभर सरळ चढतो. मग कुणी फुंकर न मारताही तो डगमगतो, वळतो, विस्कटतो. सरळ धूर डोळ्यांना बरा वाटतो, विस्कटलेला नकोसा. उतरणाऱ्या विमानाचा पंख मात्र विस्कटलेल्याच्या बाजूने कौल देतो.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, नवी मुंबई विमानतळावर २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उतरू लागली. पंखामागची खिडकी मिळाली, तर धावपट्टी जवळ येताना पंखाची मागची कड बाहेर सरकून खाली झुकताना दिसते. हे फ्लॅप. त्यांच्या जोरावर विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपासही हवेत टिकतं. पण झुकलेल्या फ्लॅपवरून मागे जाताना हवेला वाढत्या दाबाशी झगडावं लागतं, आणि पृष्ठभागालगतचा तिचा थर घर्षणाने आधीच मंदावलेला असतो. तो शांतपणे, थरावर थर सरकत वाहत असेल तर लवकर थबकतो, पंखापासून सुटतो आणि उचल घटते. तोच खळबळलेला असेल, तर वरची वेगवान हवा सतत खाली घुसळली जाते आणि थर पंखाला धरून राहतो. घर्षण वाढतं खरं. म्हणूनच लांबच्या उड्डाणात अभियंत्यांना शांत प्रवाह हवा असतो. उतरताना तीच शांतता दगा देते.

या थराचा सिद्धांत लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडला. कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे जर्मनीत त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांनी रचलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं. बेंगळुरूच्या सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९५८ मध्ये शांत थर खळबळता होण्याच्या स्थित्यंतराचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा बदल एका रेषेवर होत नाही. खळबळीचे ठिपके इथे-तिथे उमटतात, पसरतात, एकमेकांत मिसळतात.

म्हणूनच नेमकं कुठे बिनसेल हे सांगणं अवघड. वातबोगद्यातल्या छोट्या प्रतिकृतीवर स्थित्यंतराची जागाच बदलते. ती जागेवर आणायला अभियंते पंखावर बारीक खरखरीत पट्टी मुद्दाम चिकटवतात. संगणकही फ्लॅप उघडलेल्या पंखाची कमाल उचल काढताना अडखळतो. त्यामुळे नवं विमान किती कमी वेगापर्यंत तग धरतं, हे आजही चाचणी-वैमानिकाला ते उडवूनच सिद्ध करावं लागतं.