डावांतील दैव आणि दुकानांतील दैव

खेळासारख्या हलक्या विषयावर नीतिशास्त्राच्या अभ्यासकानें लेखणी झिजवावी काय, असें कांहीं वाचक विचारतील. परंतु मनुष्य कामांत असतो त्याहून खेळांत अधिक उघडा असतो. कामांत त्याला गरज बांधून ठेवते. खेळांत तो स्वेच्छेनें नियम पत्करतो आणि स्वेच्छेनेंच ते पाळतो किंवा मोडतो. आपल्या पूर्वजांनीं हें ओळखलें होतें. ऋग्वेदांत एक सबंध सूक्त फाशांच्या नादीं लागलेल्या जुगाऱ्याच्या विलापाचें आहे, आणि महाभारताची तर सारी कथाच एका द्यूतावर उलटते.

हा विचार आज नव्यानें करण्याचें कारण म्हणजे संगणकावर व मोबाइलवर खेळले जाणारे संग्राह्य पत्त्यांचे खेळ. सुशिक्षित घरांतील मुलगा रात्रीं पडद्यावर हे पत्ते मांडून बसलेला दिसला कीं बापाच्या मनांत एकच प्रश्न येतो : हा खेळ आहे कीं जुगार? आमचें म्हणणें असें कीं, या प्रश्नाचें एका शब्दांत उत्तर देऊं नये. एकाच नांवाखालीं येथें दोन निराळे व्यवहार चालतात. दोहोंतहि दैवाचा भाग आहे. पण तें दैव एक नव्हे. खेळ शिकूं पाहणाऱ्यानें हा भेद पहिल्या दिवशींच ओळखला, तर या खेळापासून त्याचें हितच होईल. न ओळखला, तर केवळ कौशल्य वाढल्यानें त्याचें रक्षण होणार नाहीं.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. आपल्या परिचयाच्या रमींत किंवा ब्रिजमध्यें बावन्न पत्त्यांचा जोड सर्वांचा समाईक असतो. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नांवाचा खेळ रचला, आणि त्यांत ही समाईक जोडाची कल्पनाच सोडून दिली. प्रत्येक खेळाडूनें बंद पाकिटें विकत घ्यावीं, आंत निघतील ते पत्ते जमवावे, आणि त्यांतून स्वतःची गड्डी बांधून खेळावयास बसावें, अशी त्याची योजना होती. पुढें हीच कल्पना पडद्यावर आली. तिचें एक सुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्लिझर्ड कंपनीनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेला ‘हार्थस्टोन’. पुढील विवेचनासाठीं आम्ही तोच घेतों.

त्याचे मुख्य नियम अर्ध्या तासांत समजण्यासारखे आहेत. खेळाडू एक नायक निवडतो व सामान्यतः तीस पत्त्यांची गड्डी बांधतो. एका पत्त्याच्या दोहोंहून अधिक प्रती घेतां येत नाहींत, आणि अतिदुर्मिळ वर्गांतील पत्त्याची तर एकच. प्रत्येक नायकाचें आयुष्य आरंभीं तीस गुणांचें असतें. प्रतिपक्षी नायकाचे गुण जो शून्यावर आणील तो जिंकला. पत्ता खेळण्यासाठीं स्फटिकांच्या रूपानें मोल द्यावें लागतें. पहिल्या पाळीला एक स्फटिक, दुसरीला दोन, असे ते वाढत जाऊन दहावर थांबतात. दर पाळीच्या आरंभीं गड्डींतून एक नवा पत्ता हातीं येतो. कांहीं पत्ते सैनिक होऊन पटावर उभे राहतात. कांहीं मंत्राप्रमाणें एकदांच परिणाम करून संपतात. ज्याची पाळी प्रथम त्याला आरंभीं तीन पत्ते मिळतात. दुसऱ्याला चार, आणि शिवाय एक नाणें, ज्याच्या बळावर एका पाळीपुरता एक स्फटिक अधिक वापरतां येतो. आधीं खेळणाऱ्याच्या लाभाची ही भरपाई होय. नियम करणाऱ्यानें न्यायाचा विचार केला आहे, हें येथें नमूद करणें योग्य होईल.

नवशिक्याला पहिला मोह पडतो तो भारी पत्त्यांचा. आठ-नऊ स्फटिकांचे पराक्रमी पत्ते त्याला एवढे आवडतात कीं गड्डी त्यांनींच भरते. मग पहिल्या चार पाळ्या तो हात बांधून बसतो, आणि तेवढ्यांत प्रतिपक्षाचे हलके सैनिक त्याला अर्धमेला करतात. म्हणून पहिला धडा असा कीं, गड्डींत दोन-तीन स्फटिकांचे पत्ते पुरेसे ठेवावे. दुसरा धडा : डाव सुरू होण्यापूर्वीं आरंभींच्या पत्त्यांपैकीं नको ते बदलून घेतां येतात, त्या वेळीं भारी पत्ता कितीहि आवडता असला तरी परत करावा. तिसरा धडा : आपल्या सैनिकानें समोरचा सैनिक मारावा कीं सरळ नायकावर घाव घालावा, हा प्रश्न प्रत्येक पाळीला नव्यानें सोडवावा, संवयीनें नव्हे. आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा धडा म्हणजे मोजणें.

मोजावयाचें तें काय? समजा, ज्यावर आपली सारी मसलत आहे अशा पत्त्याची गड्डींत एकच प्रत आहे. प्रथम खेळणाऱ्याच्या हातीं सातव्या पाळीपर्यंत आरंभींचे तीन व पुढचे सात मिळून दहा पत्ते येतात. बदलीचा हिशेब सोडला, तर तो पत्ता त्यांत असण्याचा संभव तीनांत एक. प्रती दोन असल्या तर तोच संभव शेंकडा सुमारें छप्पन्न होतो. हें गणित शाळेंतील मुलालाहि जमेल. संभाव्यतेचें शास्त्र जन्मलें तेंच अशा प्रश्नांतून : मध्येंच मोडलेल्या डावांतील पैजेची वांटणी न्यायानें कशी करावी, याविषयीं १६५४ सालीं पास्काल व फर्मा यांच्यांत जो पत्रव्यवहार झाला, तो या शास्त्राचा पाया मानला जातो.

आतां येथेंच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. छप्पन्न टक्क्यांचा आधार पाहून खेळाडूनें एक मसलत केली, आणि पत्ता आला नाहीं, डाव हरला. मग त्याचा निर्णय चुकला काय? सामान्य मनुष्य म्हणतो, चुकला; कारण तो फळावरून कर्माची परीक्षा करतो. पण शंभरांतील चव्वेचाळीस वेळां ती मसलत फसणारच होती, आणि हें खेळाडूला आधींच ठाऊक होतें. दुसरा कोणताहि मार्ग याहून दुबळा असेल, तर हरूनहि त्याचा निर्णय योग्यच होता. उलट पक्षीं, दहांत एकाच्या संभवावर सर्वस्व लावून जो जिंकला, त्याचा निर्णय जिंकूनहि अयोग्यच होता. हें दुसरें मान्य करणें पहिल्याहून फार कठीण आहे. हरलेला आपल्या दैवाची चौकशी करतो. जिंकलेला आपल्या बुद्धीची चौकशी क्वचितच करतो.

कर्म आणि फल यांची ताटातूट करण्याचा हा विवेक गीतेनें आपल्याला केव्हांच सांगितला आहे. पण तो पाठ असणें निराळें आणि अंगीं बाणणें निराळें. शेतकऱ्याची पेरणी, वैद्याची चिकित्सा, मुलीच्या शिक्षणाविषयीं बापानें घेतलेला निर्णय, या सर्वांत फळ येण्यास वर्षें लागतात, आणि तोंवर आपण काय जाणून काय केलें याची आठवण राहत नाहीं. पत्त्यांच्या डावांत तो सारा प्रकार दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो आणि पुन्हां घडतो. या दृष्टीनें डाव ही समबुद्धीची एक लहानशी तालीम आहे. अर्थात् ‘दैवानें मारलें’ ही आळशाची ढाल होण्याचा संभव येथें आहेच. त्यावर उपाय एकच : हिशेब पत्ता उलटण्यापूर्वीं करावा, नंतर नव्हे. नंतरचा हिशेब हा बहुधा वकिलाचा असतो, न्यायाधीशाचा नसतो.

असें हें डावांतील दैव. तें दोन्ही पक्षांना सारखेंच लागू असतें. तें आपलें काम करून थांबतें व तेथून पुढें मनुष्याच्या बुद्धीला अवसर देतें. आणि डाव संपला कीं तेंहि संपतें. दुकानांतील दैवाकडे वळलें म्हणजे यांतील एकहि गोष्ट राहत नाहीं.

हार्थस्टोनच्या पाकिटांत पांच पत्ते असतात. खेळून मिळवलेल्या सुवर्णनाण्यांनीं पाकीट घेतां येतें, आणि खऱ्या पैशांनींहि. पांचांत निदान एक पत्ता दुर्मिळ वा त्याहून वरच्या वर्गाचा असतो. अतिदुर्मिळ पत्ता सरासरीनें वीस पाकिटांत एक. चीन सरकारनें असें प्रमाण प्रसिद्ध करण्याची सक्ती केल्यामुळें २०१७ सालीं हे आंकडे जाहीर झाले. नको असलेला पत्ता मोडून त्याची धूळ करतां येते आणि त्या धुळीनें हवा तो पत्ता घडवतां येतो. परंतु अतिदुर्मिळ पत्ता घडविण्यास १६०० माप धूळ लागते आणि मोडल्यास ४०० मिळते. साधा पत्ता घडविण्यास ४०, मोडल्यास ५. म्हणजे वरच्या वर्गांत चार मोडावे तेव्हां एक घडतो, आणि खालच्या वर्गांत आठ मोडावे तेव्हां एक. सावकाराच्या वहींतहि इतका स्वच्छ व्यवहार आढळत नाहीं!

‘सरासरी’ या शब्दाचा अर्थ मन आपल्या सोयीनें लावतें. एखाद्या गोष्टीचा संभव दर खेपेस वीसांत एक असला, तर वीस खेपांत ती घडेलच, असें मन म्हणतें. गणित म्हणतें कीं, अशा शंभर जणांपैकीं सुमारें छत्तीस जण रिकाम्या हातांनीं परततील. कांहीं खेळांत ठराविक पाकिटांनंतर असा पत्ता देण्याची हमी असते, हें खरें. पण ‘आतां थोडीच राहिलीं’ या विचारानें तीच हमी आमिषहि होते. फर्स्टर व स्किनर या मानसशास्त्रज्ञांनीं १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत कबुतरांवरील प्रयोग नोंदले आहेत. दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला म्हणजे कबूतर चोंच मारीतच राहतें, असें त्यांना दिसलें. पाकीट फोडणाऱ्याचें बोट आणि ती चोंच यांत आम्हांला फारसें अंतर दिसत नाहीं. पाकीट फोडतांना निर्णय असा कोणताच नसतो. विक्रेत्याचें कांहींच पणाला लागलेलें नसतें. आणि थांबण्याची नैसर्गिक जागा तर मुळींच नसते.

यावर निर्मात्याच्या बाजूनें बोलतां येण्यासारखें बरेंच आहे. खेळ फुकट आहे. खर्च करण्याची सक्ती नाहीं. प्रमाण जाहीर आहे. मग जो जाणून-बुजून पैसा घालतो त्याची कींव कां करावी? हा युक्तिवाद सर्वस्वीं खोटा नाहीं. प्रौढ मनुष्याच्या स्वातंत्र्याची आम्हांलाहि चाड आहे. परंतु फुकट खेळणाऱ्या पुष्कळांचा खर्च शेवटीं कोण भरतो, हा प्रश्न विचारल्यावांचून हा युक्तिवाद पुरा होत नाहीं. खुद्द गारफील्डनेंच २०१६ सालीं एक निवेदन लिहून हा प्रश्न विचारला. थोड्या दुर्बळांच्या व्यसनशीलतेवर इतरांची स्वस्त करमणूक पोसणारे खेळ आपण खेळणार नाहीं व त्यांचा पुरस्कारहि करणार नाहीं, असा त्याचा आशय होता. बेल्जियमच्या नियामक मंडळानें २०१८ सालीं पैसे घेऊन विकलेल्या अशा नशिबाच्या पेट्यांना जुगारांत काढलें. आणि यावांचून धंदा चालतच नाहीं म्हणावें, तर २०२० सालीं आलेल्या ‘लेजंड्स ऑफ रुनटेरा’ या खेळानें पत्त्यांची बंद पाकिटें न विकतां हवा तो पत्ता थेट घेण्याची सोय ठेवली होती.

आपल्याकडे २०२५ सालीं संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर आहे. पाकिटांत पैसा जातो, पण तो परत येण्याची आशा नसते. कायद्याच्या दृष्टीनें हा भेद मोठा असेल. नीतीच्या दृष्टीनें, जेथें परत येण्याची आशाहि नाहीं तेथें लोभ कमी झाला असें म्हणवत नाहीं. केवळ त्याचा विषय बदलला. शिवाय कागदी पत्ता निदान मित्राला देतां येतो. हार्थस्टोनमधला पत्ता देतां येत नाहीं, विकतां येत नाहीं, मागें ठेवतां येत नाहीं. ‘ड्यूलिस्ट’ नांवाचा असाच एक खेळ २०१६ सालीं निघाला, आणि २०२० च्या फेब्रुवारींत निर्मात्यांनीं तो बंद केला; त्याबरोबर लोकांनीं जमवलेले संग्रहहि नाहींसे झाले. राहिलें असेल तें एकच : मोजण्याची व विचार करण्याची जी संवय खेळतांना लागली ती.

वनपर्वांतील नलाची कथा येथें आठवते. फाशांच्या पायीं राज्य गमावलेला नल बाहुकाच्या वेषांत ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. वाटेंत ऋतुपर्णानें एका बेहड्याच्या झाडाचीं पानेंफळें पाहतांक्षणीं मोजून दाखविलीं. नलानें तीं प्रत्यक्ष मोजून खात्री करून घेतली. आणि राजानें त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचें मर्म, शिकविलें. तें कळतांच नलाच्या अंगांत शिरलेला कलि बाहेर पडला. कलीला कोणी शाप देऊन हांकललें नाहीं, कीं फासे विहिरींत टाकले नाहींत. मर्म कळलें, एवढ्यानेंच त्याला आंत राहणें अशक्य झालें. कथाकारानें झाडाची मोजदाद येथें उगीच घातलेली नाहीं, असें आम्हांला वाटतें.

म्हणून नवशिक्यास आमचें सांगणें असें. पहिले कांहीं महिने एकहि पैसा न घालतां मिळतील त्या पत्त्यांची एकच गड्डी बांधावी, आणि ती पुरती ओळखीची होईपर्यंत बदलूं नये. प्रत्येक हरलेल्या डावाप्रमाणें प्रत्येक जिंकलेला डावहि तपासावा. पुढें खर्च करावासा वाटलाच, तर नाटकाच्या तिकिटाप्रमाणें रक्कम आधीं ठरवावी व ती गेली असें समजूनच द्यावी. पाकीट फोडल्यावर ती वाढवूं नये. आणि आईबापांस सांगणें एवढेंच कीं, मुलाच्या हातून पत्ते हिसकून घेण्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं बसावें. ‘जिंकलास काय?’ असें विचारूं नये. तो प्रश्न फळाचा आहे. ‘तो पत्ता येण्याचा संभव किती होता?’ असें विचारावें. मुलगा डावांतल्या पत्त्याविषयीं उत्तर देऊं लागला, तर तोच प्रश्न पाकिटांतल्या पत्त्याविषयींहि विचारावा, आणि त्याचें उत्तर त्याचें त्यालाच काढूं द्यावें.