पानांच्या घेराशी बसताना

डोळे मिटायचे नाहीत. हे मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे, आणि त्याला जयपूरच्या बनी पार्कातल्या घराची गच्ची पुरेशी आहे. फाल्गुन लागलेला असावा, ऊन उतरलेलं असावं. स्टेशन जवळच आहे, गाडीचा भोंगा अधूनमधून येईल; येऊ द्या. समोर एक लहानशी कुंडी ठेवा. तिच्यात एचेव्हेरिया: मातीलगत गोल बसलेलं, जाड पानांचं, अंगावर निळसर पांढरी भुकटी असलेलं.

आधी मधोमध पाहा. तिथलं पान अजून पान झालेलं नाही, नुसतं टोक आहे. तिथून नजर बाहेर न्या, पानापानाशी थांबत. एकामागून एक आलेली पानं शेजारी शेजारी नाहीत. प्रत्येक नवं पान आधीच्या पानापासून सुमारे १३७.५ अंश वळून उगवलं आहे. त्यामुळे वरचं पान खालच्यावर नेमकं बसत नाही. प्रकाशाची एखादी फट प्रत्येकाला मिळते.

हा कोन कुठून येतो, ते मनातल्या मनात आखून पाहा. एक रेषा अशी तोडा की सबंध रेषेचं मोठ्या तुकड्याशी जे प्रमाण, तेच मोठ्याचं लहानाशी असेल. वर्तुळाचा घेर त्याच प्रमाणात तोडला, की लहान तुकडा एवढ्याच अंशांचा भरतो. रेषेची ही विभागणी युक्लिडच्या भूमितीत आहे, आणि ती भूमिती अरबीतून संस्कृतात आली ती याच जयपूरच्या संस्थापकाच्या, सवाई जयसिंहांच्या आश्रयाने. ते काम करणारे जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रीय पंडित. ग्रंथाचं नाव ‘रेखागणित’. तिथे पानांचा उल्लेख असण्याचं कारण नाही. पण या शहरात बसून हा घेर पाहताना त्यांची आठवण मला आल्यावाचून राहत नाही.

आता हात मागे घ्या. पानावरची भुकटी म्हणजे झाडानेच बाहेर टाकलेलं मेण आहे. ते कडक ऊन परतवतं, पाणी थोपवतं. बोट लागलं की निघतं, आणि वाढ पूर्ण झालेल्या पानावर पुन्हा चढत नाही. ठसा पान गळेपर्यंत राहतो. म्हणून इथे पाहणं हाच स्पर्श. या प्रजातीला नावही एका पाहणाऱ्याचं मिळालं आहे. अतानासिओ एचेवेरिया हा मेक्सिकन चित्रकार. १७८७मध्ये सुरू झालेल्या स्पॅनिश मोहिमेत त्याने तिथल्या वनस्पती रंगवल्या, आणि १८२८मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोलने प्रजातीला त्याचं नाव दिलं.

शेजारी दुसरी कुंडी असेल तर तीही ओढून घ्या. जांभळट, राखाडी, कडेला गुलाबी: ‘पेर्ले फॉन न्यूर्नबर्ग’. जर्मनीत रिखार्ड ग्रेस्नर यांनी १९३०च्या दशकात घडवलेला हा संकर. मेक्सिकोच्या डोंगरातल्या एका झाडाचे पराग एका माणसाने तिथल्याच दुसऱ्या झाडाच्या फुलावर ठेवले. मात्र त्याच्या बीमधून तेच झाड परत येत नाही; बी आजी-आजोबांचे गुण नव्याने वाटून टाकतं. तेच झाड हवं असेल तर पान अख्खं, बुडासकट काढावं लागतं. ते कोरड्या मातीवर नुसतं ठेवायचं. काही दिवसांनी बुडाशी गुलाबी मुळं फुटतात, मग बारीकसं पिल्लू दिसतं, आणि त्याला पोसता पोसता मूळ पान सुकत जातं. संकरांविषयी मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: ग्रेस्नर यांच्या कुंडीतलं ते झाड पानापानाने जगत इथवर आलं. तुमच्यासमोर त्याची प्रतिकृती नाही, त्याच्याच देहाचा वाढत आलेला भाग आहे. या वाक्यापाशी हवा तेवढा वेळ बसा.

अंधार पडेल. आपला श्वास सैल होतो त्याच सुमाराला झाडाची रंध्रं उघडू लागतात. दिवसभर ती बहुतेक मिटलेली होती, नाहीतर साठवलेलं पाणी उडून गेलं असतं. आता ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, आम्लाच्या रूपात पानात साठवतं, आणि उद्या रंध्रं मिटून, उन्हाच्या बळावर त्याची साखर करील. ही गोष्ट भारतातच एकाच्या जिभेला कळली होती. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान चाखलं: सकाळी आंबट, दुपारी बेचव. १८१३मध्ये त्याने ते पत्राने लंडनला कळवलं. आपल्या अंगणातली पानफुटी एचेव्हेरियाच्याच कुळातली आहे. दारातल्या पानाची चव दिवसभरात बदलते, हे त्याच्याइतकं लक्ष देऊन आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं असेल?

तुमच्या श्वासाकडे या. आत घ्या, सोडा. झाडाचा असा एक फेरा पुरा व्हायला रात्र आणि दिवस लागतो. त्याच्याशी ताल जुळवू नका, जुळणार नाही. फक्त दोन्ही चालू असू द्या.

ज्येष्ठात मात्र जयपूरची रात्रही तापलेली असते, आणि डोंगरातल्या गार रात्रींची सवय असलेलं हे झाड वाढायचं थांबतं. काळजीपोटी तेव्हाच पाणी ओतलं जातं आणि मुळं कुजतात. कुंडी हिरव्या जाळीखाली सरकवा. खालची पानं मऊ पडून सुरकुतली, तर संध्याकाळी थोडं पाणी द्या. घट्ट असतील तर देऊ नका.