ओळखलंत का मला?

दारात पाऊल टाकायच्या आधीच आबांना सांभाळणाऱ्या मावशी बोलायला लागतात. आधी आपलं नाव, मग वेळ, मग काम. "आबा, साडेसात झाल्यात. चहा ठिवलाय. कपाचा कान तुमच्या उजव्या हाताला हाय, गरम हाय." आबांचा हात स्टुलावर सरकत जातो आणि कपाच्या कानाशी येऊन थांबतो. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला दहा वर्षं झाली.

सातारा-कराड रस्त्यालगतच्या एका वृद्धाश्रमात हे पाहत मी बसलो होतो. तेवढ्यात आबांच्या भावकीतले एक गृहस्थ आले. खाटेसमोर उभे राहून, आवाजात थोडी गंमत आणून म्हणाले, "ओळखलंत का मला?" आबा कसनुसं हसले. दोन नावं घेतली, दोन्ही चुकली. पाहुणे आणखी खुलले. "बघा आठवून!" शेवटी मावशीच म्हणाल्या, "नाव सांगा की दादा, परीक्षा कशापायी घेताय?"

सातवी शिकलेल्या त्या बाईला जे कळलं, ते आपल्यापैकी बहुतेकांना कळत नाही. न दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळण्यात हातांचं काम निम्मंच असतं. उरलेलं निम्मं तोंडाचं आणि सवयीचं. काय कुठं आहे, कोण आलं, कोण गेलं, हे सांगत राहायचं आणि वस्तू काल होती तिथंच आजही ठेवायची. खाटेखालची चप्पल झाडताना वीतभर सरकली तरी त्या माणसाची सकाळ बिघडते.

जेवणाचं बघा. परदेशी धाटणीच्या प्रशिक्षणात ताटाचं घड्याळ करायला शिकवतात. बाराच्या जागी भाजी, तीनच्या जागी भात. पद्धत चांगलीच आहे. पण जिनं जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही अशा माण तालुक्यातल्या आज्जीला बारा आणि तीन सांगून काय उपयोग? आणि मुळात गरजच काय? आपल्या पानाला स्वतःचा भूगोल आहे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी. पन्नास वर्षं हे पान वाढलेल्या बाईला डोळे गेल्यावरही चटणी अचूक सापडते. घोळ होतो तो कप्प्यांच्या स्टीलच्या ताटानं. वाढणारा ते जसं हाताला येईल तसं ठेवून पुढं जातो आणि आज्जींची डावी-उजवी पार उलटी होते. एका मावशीनं यावर उपाय काढला होता. ताटाच्या काठाला छोटी खाच पाडून घेतली होती. खाच छातीकडं आली की ताट सुलट. आज्जी जेवायच्या आधी अंगठ्यानं ती खाच चाचपून बघत आणि मगच भाकरी मोडत.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि वृद्धाश्रमात सगळ्यात महाग चीज तीच. घास भरवला तर दहा मिनिटांत ताट रिकामं. आपल्या हातानं जेवू दिलं तर पाऊण तास, वर अंगावर आमटी. वीस जणांना दोघीच बघत असतील तर त्या भरवणारच. मग महिना-दोन महिन्यांत आज्जींचे हात मांडीवरच राहायला लागतात आणि "त्यांना काही करता येत नाही" असा शेरा वहीत पडतो. चालवण्याचंही तसंच. आपण मागून दंड धरून ढकलतो. खरं तर आपला कोपर त्यांच्या हाती द्यावा आणि अर्धं पाऊल पुढं चालावं. पायरी आली की आपल्या अंगाच्या हालचालीवरून त्यांना कळते.

डोळे गेले तरी मिरजेला नेलं की सगळं बरं होतं, अशी आपल्याकडची श्रद्धा. तिला आधारही आहे. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं १८९४ मध्ये इस्पितळ उभारलं, तेव्हापासून लांबलांबचे रोगी मिरजेची वाट धरत आले. त्याच्याही आधी कुरुंदवाडच्या एका मुलाच्या तोंडाजवळ फटाका फुटला, डोळे गेल्यातच जमा झाले, आणि उपचारांसाठी त्याला मिरजेला आणलं. दृष्टी पूर्ववत झाली नाही, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं सुरू झालं. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. डॉक्टरांचं काम संपलं तिथं त्या मुलाला कुणीतरी दुसऱ्यानं हात दिला. म्हातारपणी तो 'कुणीतरी दुसरा' नेमका सापडत नाही.

अर्थात डॉक्टरांचं काम खरोखर संपलंय का, हे आधी पाहावं. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या शंभरांत साधारण २ माणसं अंध आढळली आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांचं अंधत्व मोतीबिंदूचं होतं. म्हणजे शस्त्रक्रियेनं बरंचसं टळण्याजोगं. वृद्धाश्रमात दाखल होणाऱ्याचे डोळे पहिल्याच आठवड्यात तपासायचे, एवढा साधा नियम केला तरी काही काठ्या कोपऱ्यात जातील.

आणखी एक गोष्ट काळजी घेणाऱ्यांना माहीत हवी. दृष्टी गेलेल्या काही म्हाताऱ्यांना नसलेली माणसं, मुलं, पाखरं, घरं दिसतात. जिनिव्हाच्या शार्ल बॉने या निसर्गअभ्यासकानं १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं. आजोबा नव्वदीला टेकलेले, डोळे अधू, डोकं मात्र ठिकाणावर. मेंदूला डोळ्यांकडून चित्र मिळेनासं झालं की तो कधीकधी स्वतःच चित्रं रंगवतो. आपल्याकडं यावर दोनच निदानं ठरलेली: बाहेरची बाधा नाहीतर डोकं फिरलं. त्या भीतीनं म्हातारी माणसं असं काही दिसलं तरी बोलत नाहीत. "डोळे गेल्यावर असं होतं, आज्जी, घाबरू नका," एवढं वाक्य रात्रपाळीच्या मावशीला येत असेल तर आज्जींची रात्र सुखात जाते.

आता मावशींकडं वळू. त्यांच्यावर भार का आला, ते आधी पाहू. खानापूर-आटपाडीची पोरं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर गेली, साताऱ्याच्या डोंगरी भागातली मुंबईत माथाडी झाली. मागं घरात म्हातारी उरली. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात निदान एका वृद्धाश्रमापासून सुरुवात करून दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय करावी असं सांगतं. त्या कलमानं खाटा मोजल्या, सांभाळणारी माणसं मोजली नाहीत. खास वृद्ध अंधांसाठीचं घर म्हणाल तर नॅब ही अंधांसाठीची संस्था आणि लायन्स यांचं खंडाळ्याला आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातलं खंडाळा नव्हे, लोणावळ्याजवळचं.

तासगावच्या बाजूला एका व्यवस्थापकांनी मला सांगितलं, द्राक्षाची छाटणी सुरू झाली की त्यांच्या मावशा गळतात. बागेतला रोज बरा पडतो. त्या बायकांना मी बोल लावणार नाही. पण डोळस म्हाताऱ्याला नवा चेहरा दोन दिवसांत सरावाचा होतो. न दिसणाऱ्याला नवा आवाज, नवा हात, वस्तू ठेवायची नवी तऱ्हा, सगळंच पहिल्यापासून शिकावं लागतं. माणूस बदलणं म्हणजे त्याच्यासाठी घर बदलणं. म्हणून मावशींचा पगार हाच मला या सगळ्या काळजीचा कणा वाटतो, आणि देणगीदार नेमका तोच देत नाहीत. पंखा देतात, कारण त्यावर नाव घालता येतं.

कधीकधी तर खरोखरच घर सोडावं लागतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. ४५ फुटांना धोका मानतात. माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत हलवली गेली. तिथं न दिसणाऱ्याला ना ओळखीची भिंत, ना खाटेचा कोपरा, ना संडासापर्यंतची मोजलेली पावलं. जुन्या घरातली बरोबर येऊ शकणारी एकच गोष्ट असते, रोजचा आवाज.

या भाऊबीजेला कुणा आत्याला, मामाला भेटायला अशा ठिकाणी जाल, तर दारातच नाव सांगा, गाव सांगा. "ओळखलंत का?" विचारू नका. आणि उठताना "निघतो" म्हणा. नाहीतर तुम्ही गेल्यावरही ती माणसं रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतात.